ट्यूशनचे तास, गणिताचे गुण आणि उणे ०.३१

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. तुम्ही नागपुरात एम.एड. करताय. तीन शाळा घेतल्या: एक धरमपेठ भागातली इंग्रजी माध्यमाची, एक महालातली अनुदानित मराठी आणि एक हिंगणा तालुक्यातली. नववीच्या १२० मुलांना ‘आठवड्यात ट्यूशनला किती तास जाता’ असं विचारलं, प्रथम सत्राचे गणिताचे गुण शाळांकडून घेतले आणि एक्सेलमध्ये सहसंबंध काढला, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात हे सांगणारा उणे १ ते अधिक १ मधला आकडा. आला उणे ०.३१. म्हणजे ट्यूशन जास्त तिथे गुण कमी. तुमचे गाइड सर म्हणाले, “आकडा फारच लहान आहे, शिवाय उलटा. काहीतरी घोळ आहे.” मैत्रीण म्हणाली, “सार्थक (सिग्निफिकंट) आलाय ना, मग ट्यूशनमुळे नुकसान होतं असं लिही आणि मोकळी हो.” तुम्हाला हवंय ते इतकंच की निष्कर्षात काय लिहू आणि १२० मुलं पुरेत का.

सर आकड्याच्या आकाराबद्दल चुकताहेत आणि मैत्रीण त्याच्या अर्थाबद्दल. मी २२ वर्षं बी.एड., एम.एड.च्या वर्गांना संशोधन पद्धती शिकवतेय. प्रबंध जमा करायच्या तोंडावर दरवर्षी कोणी ना कोणी असा एखादा आकडा मुठीत धरून येतंच. तुमची प्रश्नावली मी पाहिलेली नाही, तिन्ही शाळांची आतली परिस्थिती मला माहीत नाही, त्यामुळे खाली ‘असेल तर’ बरंच येईल. त्याला इलाज नाही.

सुरुवात शीर्षकापासून. तुम्ही लिहिलंय, ‘ट्यूशनचा गणितातील संपादणुकीवर (म्हणजे मिळवलेल्या गुणांवर) होणारा परिणाम’. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांच्या नावात हा ‘परिणाम’ बसलेला असतो. सवयीने लिहिलेला हा शब्द पुढे व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, महागात पडतो, कारण परिणाम म्हटलं की कारण आलं, आणि तुमच्या अभ्यासात कारण तपासायची सोयच केलेली नाही. तुम्ही कोणाला ट्यूशन लावली नाही की कोणाची बंद केली नाही. जे जसं होतं तसं मोजलंत. विद्यापीठाच्या नियमात बसत असेल तर शीर्षक ‘ट्यूशनचे तास आणि गणितातील संपादणूक यांच्यातील सहसंबंधाचा अभ्यास’ असं करून घ्या. अर्ज करावा लागेल, सह्या लागतील, पण करा.

इथेच एक गैरसमज काढून टाकते. सहसंबंधात्मक संशोधन म्हणजे ज्यात आर (सहसंबंधाचा आकडा, तुमचा उणे ०.३१) काढतात ते, असं बहुतेकांच्या वहीत लिहिलेलं असतं. ते तसं नाही. आर हे फक्त गणित आहे. तो प्रयोगातल्या आकड्यांवरही काढता येतो. उलट तुम्ही उद्या आर सोडून ‘ट्यूशनवाले’ आणि ‘बिनट्यूशनवाले’ असे दोन गट पाडले आणि टी-चाचणी (दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासणारी) लावली, तरी अभ्यास सहसंबंधात्मकच राहील, कारण मुलं त्या गटांत आपापल्या कारणाने गेली, तुम्ही चिठ्ठ्या टाकून घातली नाहीत. गट केले, टी-चाचणी लावली की आपलं संशोधन प्रायोगिक झालं असं मानणारे मी बरेच पाहिलेत. तुम्ही त्यात पडू नका.

आता मुख्य मुद्दा. उणे ०.३१ हा एकच आकडा किती वेगवेगळ्या घरांतून बाहेर पडू शकतो ते बघू.

पहिलं घर म्हणजे उलटी दिशा. आपल्याकडे नववीचं पोर ट्यूशनला कधी लागतं? आठवीत गणित कच्चं निघतं, पालकसभेत बाई म्हणतात ‘घरी जरा लक्ष द्या’, आणि दुसऱ्या दिवशी आई मानेवाड्यातल्या क्लासची फी विचारायला जाते. म्हणजे गुण आधी कमी झाले, ट्यूशन नंतर आली. दवाखान्यात बसलेली माणसं बाहेरच्यांपेक्षा जास्त आजारी असतात, म्हणून दवाखाना आजार वाटतो असं आपण म्हणत नाही. ट्यूशनबाबत मात्र आकडा समोर आला की हीच चूक सहज होते. तुम्ही तास आणि गुण एकाच सत्रातले घेतलेत, त्यामुळे कोण आधी, कोण नंतर हे तुमच्या तक्त्यात कुठेच नोंदलेलं नाही.

दुसरं घर तिसऱ्या चलाचं, म्हणजे दोन्ही आकड्यांना मागून हलवणाऱ्या तिसऱ्याच गोष्टीचं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की नागपुरात कूलरची खस आणि पंप धडाधड खपतात, आणि त्याच दिवसांत उष्माघाताचे रुग्णही वाढतात. दोन्ही आकडे हातात हात घालून चढतात. दोघांना चढवतं ऊन. ज्यांनी ही सहसंबंधाची कल्पना मोजमापात आणली त्या फ्रान्सिस गाल्टननी १८८८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं की दोन अवयवांची मापं बरोबरीने बदलतात ती काही अंशी समान कारणांमुळे. म्हणजे या विषयाच्या जन्मदाखल्यावरच तिसरं चल आहे, आणि आपण सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर ते विसरतो.

तुमच्या बाबतीत तिसरं चल कोणतं असेल? सगळे आधी ‘आर्थिक स्थिती’ म्हणतात. पण नीट विचार करा: पैसा असेल तर ट्यूशनही जास्त आणि बहुधा गुणही जास्त, म्हणजे पैशाने संबंध अधिककडे ढकलला जायला हवा. तुमचा उणेकडे गेलाय. म्हणजे एकतर पैशाचा जोर इथे कमी आहे किंवा दुसरं काहीतरी त्याहून जोरात उलटं ओढतंय. मला संशय आहे तो आई-वडिलांच्या शिक्षणावर. ज्या घरी आई स्वतः संध्याकाळी बीजगणित घेऊन बसू शकते तिथे ट्यूशनची गरज कमी आणि गुण चांगले. हा संबंध उणेच निघेल, ट्यूशनने काही बिघडवलेलं नसतानाही. प्रश्नावलीत आईचं शिक्षण विचारलंय का? नसेल तर मर्यादांमध्ये ते स्पष्ट लिहा.

यात मी स्वतः तोंडावर पडलेय, म्हणून एवढं सांगतेय. सुरुवातीच्या वर्षांत मौदा-रामटेक भागातल्या एका शाळेत हजेरी आणि गुण असा अभ्यास केला होता. छान ०.४ च्या वर सहसंबंध आला आणि मी ऐटीत लिहिलं की गैरहजेरीमुळे संपादणूक घसरते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, “हजेरी कोणत्या महिन्यांची?” जुलै-ऑगस्टची. म्हणजे ऐन धानाच्या रोवणीची. त्या दिवसांत कोणाची मुलं शाळेत येत नाहीत? ज्यांच्या घरचे रोवणीला जातात त्यांची. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळत घरी, कोणी स्वतःच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मी हजेरी मोजत होते असं मला वाटत होतं. खरं तर मी घरची परिस्थिती मोजत होते. परीक्षक भले होते, दुरुस्ती करून आणा म्हणाले. पण ती दहा मिनिटं अजून आठवतात.

तिसरं घर तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शक्य वाटतं: तीन शाळांची सरमिसळ. नववीची प्रश्नपत्रिका शाळा आपापली काढते. दहावीसारखा मंडळाचा एकच पेपर नाही. त्यामुळे एका शाळेतले ६० आणि दुसऱ्या शाळेतले ६० यांचा अर्थ एक नाही. समजा धरमपेठेतल्या शाळेने पेपर कडक काढला, तिथली सरासरी ४८, आणि तिथली मुलं आठवड्याला सरासरी नऊ तास ट्यूशनला जातात. हिंगण्याच्या शाळेत पेपर सोपा, सरासरी ६४, आणि ट्यूशन सरासरी दोन तास, कारण गावात क्लासच एखादा. आता दोन्ही शाळांच्या आत, ट्यूशनवाल्यांचे गुण थोडे जास्तच असले, तरीही सगळी मुलं एका रांगेत लावली की आर उणे येऊ शकतो. शाळेच्या आत अधिक, एकत्र केल्यावर उणे. आकडा खोटा नाही, पण तो मुलांबद्दल काही सांगत नसून पेपर काढणाऱ्यांबद्दल सांगतोय.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक शाळेची सरासरी त्या शाळेतल्या मुलाच्या गुणांतून वजा करा आणि त्याच शाळेच्या प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाने) भागा. म्हणजे ‘हे मूल आपल्या वर्गात कुठे आहे’ एवढंच उरेल. तासांचंही तसंच करा. मग पुन्हा आर काढा. शिवाय तिन्ही शाळांचे वेगवेगळे तीन आर काढून शेजारी मांडा. एका शाळेत चाळीसच मुलं आहेत, आकडे डुलतील, चालेल. तिन्हींची दिशा एक आहे का, हे बघायचंय.

शाळांच्या सरासऱ्या घेऊन मात्र सहसंबंध काढू नका. काही जण ‘१२० चे तीनच आकडे करू, सुटसुटीत होईल’ म्हणून तसं करतात. रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर हे दाखवलं होतं: राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध उणे ०.५३ च्या आसपास, आणि तोच माणसांच्या पातळीवर अधिक ०.१२. बाहेरून आलेली माणसं जिथे साक्षरता आधीच जास्त होती अशा राज्यांत स्थायिक झाली होती, एवढंच त्याचं कारण. गटाचा संबंध माणसावर लादता येत नाही.

चौथं घर असं की ‘ट्यूशन’ ही एक वस्तूच नाही. नागपुरात आठवड्याला दहा तास जाणारी दोन मुलं घ्या. एक पास व्हावं म्हणून घराजवळच्या काकूंकडे रोज जातं. दुसरं जेईईच्या फाउंडेशन बॅचला जातं. दोघांपुढे तुमच्या तक्त्यात १० लिहिलेलं आहे. तसंच शून्याचं. शून्य तासांत परवडत नाही म्हणून न जाणारं आहे आणि गरजच नाही म्हणून न जाणारंही आहे. अशा वेळी तास आडवे, गुण उभे धरून प्रत्येक मुलाचा एक बिंदू काढला तर बिंदूंची रांग सरळ रेषेत उभी राहत नाही, मध्येच वाकते किंवा दोन थवे दिसतात. पिअरसनचा आर, म्हणजे तुम्ही काढलात तोच नेहमीचा आर, फक्त सरळ रेषेचा नातेवाईक आहे. रेषा वाकली तरी तो वाक त्याला दिसत नाही.

म्हणून स्कॅटर प्लॉट, म्हणजे हाच बिंदूंचा आलेख. हे मी वर्गात इतक्यांदा सांगते की मुलं हसतात. अ‍ॅन्सकोम्ब या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चार छोटे संच बनवले; प्रत्येकात अकरा बिंदू, चारहींच्या सरासऱ्या सारख्या, आर चारहींचा ०.८१६. आलेख काढले तर एक साधी तिरकी रांग, एक कमान, एकात रांग सरळ पण एक बिंदू फटकून, आणि एकात दहा बिंदू एकावर एक उभे आणि अकरावा लांब एकटा. आर बघून यातलं काहीही कळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने ८.५ तासांच्या जागी ८५ टंकलं होतं. आठवड्याला ८५ तास ट्यूशन! तिचा आर त्या एका पोराच्या जिवावर उभा होता. आलेख काढला असता तर तो बिंदू कागदाच्या दुसऱ्या टोकाला ओरडत उभा दिसला असता.

पाचवं, मोजमाप. यावर लोक फार कमी वेळ घालवतात आणि संशोधनाचा निम्मा जीव इथेच असतो. ‘आठवड्यात किती तास’ याला नववीचं मूल काय उत्तर देतं? काही जण जाण्यायेण्याचा वेळ धरतात, काही सगळ्या विषयांचा मिळून सांगतात, काहींना शेजारचा सहा सांगतोय म्हणून सहा. तुम्ही फक्त गणिताचे तास विचारले होते का? पुढच्या वेळी ‘सोमवारी किती वाजता गेलास, किती वाजता सुटलास’ असं वारागणिक विचारा. उत्तरं खूप सुधारतात.

गुणांचंही तसंच. शाळेने तुम्हाला १०० पैकी दिले असतील तर त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरलेले आहेत का ते विचारा. त्या विसात बहुतेक शाळांत सगळ्यांनाच सतरा-अठरा मिळतात. जो आकडा सगळ्यांचा सारखाच, तो कुणाबरोबर बदलणार? बीजगणित आणि भूमितीचे लेखी ४०-४० वेगळे मागून घ्या.

मोजमाप ढिलं असलं की आर आकसतो, आणि किती आकसतो याचं सूत्र स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञांनी १९०४ मध्येच दिलं. समजा खरा सहसंबंध उणे ०.४५ आहे, तुमच्या गुणांची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर तेच किती येईल याचं माप, कमाल १) ०.८ आणि तासांच्या उत्तराची ०.६. दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ साधारण ०.६९. ०.४५ गुणिले ०.६९ म्हणजे ०.३१. तुमचाच आकडा! तुमचं तसंच आहे असं म्हणायचं नाही, पण सरांनी ‘लहान’ म्हटलेल्या आकड्यामागे याहून मोठं काही दडलेलं असू शकतं, हे त्यांना दाखवायला हे उदाहरण चालेल.

आता सरांच्या आक्षेपाकडेच येऊ. ०.७ च्या खाली सहसंबंध म्हणजे काहीच नाही, ही धारणा चाचण्यांच्या विश्वसनीयतेच्या प्रकरणातून इकडे घुसली असावी. तिथे ०.७ ची अपेक्षा रास्त आहे. माणसांच्या वागण्यात मात्र एका गोष्टीमागे पन्नास गोष्टी असतात, तिथे एकट्या ट्यूशनचा गुणांशी ०.७ आला तर मीच आधी टंकनदोष शोधीन. कोहेन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८८ च्या पुस्तकात ०.१ लहान, ०.३ मध्यम, ०.५ मोठा अशी ढोबळ मापं दिली आहेत. त्या हिशेबाने तुमचा मध्यम. पण फुगूही नका: ०.३१ चा वर्ग साधारण ०.१० होतो, म्हणजे गुणांतल्या फरकांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास भाग तासांबरोबर हलतो, नव्वद टक्के दुसऱ्या कशाबरोबर.

मैत्रिणीचा ‘सार्थक’ हा शब्द तर याहून कमी सांगतो. १२० मुलं असतील तर ०.०५ पातळीवर (खरा संबंध शून्य असताना असा आकडा शंभरात पाचपेक्षा कमी वेळा येईल, या कसोटीवर) ०.१८ पलीकडचा कोणताही आर सार्थक ठरतो. ३० मुलं असती तर ०.३६ लागला असता, १००० असती तर ०.०६२ नेही काम भागलं असतं. सार्थकता म्हणजे ‘हा आकडा निव्वळ नमुन्याच्या योगायोगाने शून्यापासून इतका लांब गेला असेल का’ एवढ्याच प्रश्नाचं उत्तर. संबंध किती जोरकस आहे, का आहे, खरा आहे की सरमिसळीचा, यावर ती गप्प असते. त्यापेक्षा विश्वास अंतराल लिहा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा तो पट्टा. तुमच्या आकड्यांवर तो साधारण उणे ०.४६ ते उणे ०.१४ येतो. वाचणाऱ्याला लगेच कळतं की संबंध जेमतेम असू शकतो किंवा बऱ्यापैकी असू शकतो. आपल्याला अजून एवढंच ठाऊक आहे. खरं तर हाही थोडा लाडाचाच हिशेब आहे. एका शाळेतली मुलं एकाच बाईंकडे शिकतात, एकमेकांसारखी असतात, त्यामुळे तीन शाळांतली १२० मुलं ही कुठूनही उचललेल्या १२० मुलांइतकी माहिती देत नाहीत.

‘१२० पुरेत का’ हेही तुम्ही विचारलंय. कशासाठी, यावर अवलंबून. खरा संबंध ०.३ च्या घरात असेल आणि तो ऐंशी टक्के वेळा पकडला जावा असं वाटत असेल तर सुमारे ८५ मुलं लागतात. ०.२ असेल तर १९४ च्या आसपास. ०.१ असेल तर ७८० च्या वर, म्हणजे एम.एड.च्या वर्षात सोडूनच द्या.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: शीर्षकातून ‘परिणाम’ काढा, आलेख बघा, शाळा वेगळ्या करा, लेखी गुण वेगळे घ्या. लेखी गुण शाळांकडून मागावे लागतील, बाकी सगळं नवा डेटा न आणता होईल.

आणखी एक गोष्ट मात्र नव्याने आणायला लागेल आणि ती आणाच: याच १२० मुलांचा आठवीचा निकाल. उलट्या दिशेची शंका थोडीफार तपासायचा तोच एक मार्ग तुमच्या हातात आहे. अडचण अशी की आठवीपर्यंत आकारिक आणि संकलित मूल्यमापन असतं आणि काही शाळा तुम्हाला गुण न देता अ-१, ब-२ अशा श्रेणीच देतील. श्रेणी मिळाल्या तर त्यांना क्रम लावून स्पिअरमनचा क्रमांकांवरचा सहसंबंध काढा. एकाच श्रेणीत पुष्कळ मुलं अडकतील, निकाल भोंगळ येईल, तरी काही नसण्यापेक्षा बरा. गुण मिळाले तर आंशिक सहसंबंध काढता येतो: आठवीचे गुण सारखे धरले तर ट्यूशन आणि नववीचे गुण यांच्यात काय उरतं?

हे कसं चालतं ते कल्पित आकड्यांवर दाखवते. समजा तास आणि आठवीचे गुण यांचा आर उणे ०.४५ आला, म्हणजे आठवीत कच्ची असलेली मुलं ट्यूशनला जास्त जातात. आठवी आणि नववीच्या गुणांचा ०.७०. दोघांचा गुणाकार उणे ०.३१५. तुमच्या उणे ०.३१ मधून तो वजा केला तर उरतं जवळजवळ शून्य. सूत्रात खाली भागायचंही असतं, पण शून्याला कशानेही भागा. म्हणजे तुमचा सगळा सहसंबंध ‘कच्ची मुलं ट्यूशनला जातात’ या एका वाक्यात विरघळला. उलट आठवीचा संबंध किरकोळ निघाला, तर उणे ०.३१ बराचसा तसाच उभा राहील आणि मग दुसरीकडे शोधावं लागेल. जॅमोवी हे फुकटचं सॉफ्टवेअर हे दोन मिनिटांत करून देतं.

पण इथेही डोळे मिटून चालता येत नाही. ज्या मुलाची ट्यूशन सहावीपासूनच चालू आहे त्याच्या आठवीच्या गुणांत ट्यूशनचं बरं-वाईट आधीच मिसळलेलं आहे. ते गुण सारखे धरले तर तुम्ही ट्यूशनचाच काही भाग पुसून टाकता. म्हणून ‘ट्यूशन कधीपासून’ हेही विचारून घ्या आणि नववीतच सुरू झालेल्यांचा हिशेब वेगळा बघा. सरसकट नियम एवढाच की जे ट्यूशनच्या आधी घडलं ते धरावं. जे ट्यूशननंतर, ट्यूशनमुळे बदललं असू शकतं, गणिताची भीती किंवा घरचा अभ्यासाचा वेळ, ते सारखं धरायला जाऊ नये. यंत्राला हे कळत नाही, ते कोणतंही चल निमूट आत घेतं.

इतकं सगळं ऐकून माझी मुलं विचारतात, मग सहसंबंधात्मक अभ्यास करायचाच कशाला? कारण पुष्कळ प्रश्नांना दुसरी वाटच नसते. तुम्ही ६० मुलांना चिठ्ठी टाकून ‘तुमची ट्यूशन वर्षभर बंद’ म्हणू शकत नाही, पालक तुम्हाला शाळेच्या फाटकातच अडवतील. धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग हे प्रकरण असंच होतं. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतल्या रुग्णांवरून संबंध दाखवला. रोनाल्ड फिशरसारखा, स्वतः पाइप ओढणारा, जगातला पहिल्या रांगेतला संख्याशास्त्रज्ञ म्हणाला की एखादा आनुवंशिक गुण सिगारेटची ओढही लावत असेल आणि कर्करोगही करत असेल. तिसरं चल! आक्षेप तर्काने बरोबर होता. त्याचं उत्तर एका आरने दिलं नाही. १९५१ पासून डॉल-हिल यांनी ब्रिटिश डॉक्टरांनाच वर्षानुवर्षं पाठपुराव्यात घेतलं, आधी सिगारेट मग आजार हा क्रम नोंदला, जास्त ओढणाऱ्यांना जास्त धोका हे दिसलं, वेगवेगळ्या देशांत तेच दिसलं. पुढे १९६५ मध्ये हिल यांनी अशा नऊ कसोट्या मांडल्या. म्हणजे सहसंबंधातून कारणापर्यंत जाता येतं, पण एका प्रबंधात नाही आणि एका आकड्यावर नाही.

निष्कर्षात काय लिहाल? माझ्या हातात असतं तर साधारण असं लिहिलं असतं: ‘निवडलेल्या तीन शाळांतील इयत्ता नववीच्या १२० विद्यार्थ्यांमध्ये ट्यूशनचे साप्ताहिक तास आणि गणिताचे प्रथम सत्रातील गुण यांच्यात मध्यम स्वरूपाचा ऋण सहसंबंध आढळला. शाळानिहाय प्रमाणित गुण घेतल्यावर तो अमुक इतका राहिला. आठवीचे गुण सारखे धरल्यास तो अमुक इतका होतो. कमी संपादणूक असलेले विद्यार्थी ट्यूशनकडे अधिक वळतात ही शक्यता या अभ्यासातून नाकारता येत नाही.’ शिफारशींमध्ये ‘शासनाने ट्यूशनवर बंदी घालावी’ हे कृपा करून नको. दरवर्षी एक तरी प्रबंध शासनाला असं काहीतरी करायला सांगतो.

परवानग्यांचं एक वाक्य: मुलांची नावं तक्त्यात ठेवू नका, क्रमांक द्या, आणि आठवीच्या निकालासाठी मुख्याध्यापकांचं नव्याने पत्र घ्या, जुन्या पत्रात ते धरलेलं नसेल. क्लार्कला फोन करून जा. “काहून मॅडम, अजून काही राहिलं का?” असं ऐकावं लागेल, पण निकालपत्रकं त्यांच्याच कपाटात असतात, आणि दिवाळीआधी गेलात तर बरं, नंतर दहावीच्या फॉर्मांत ते कोणाला सापडत नाहीत.

आज रात्री फक्त स्कॅटर प्लॉट काढा. आडव्या अक्षावर तास, उभ्यावर गुण (लेखी वेगळे हातात नसतील तर आहेत तेच), तिन्ही शाळांना तीन रंग. काढलात की इथे टाका. तीन रंगांचे तीन वेगळे थवे दिसले तर माझा तिसऱ्या घरावरचा संशय खरा, आणि मग पुढे काय करायचं ते त्या चित्रावर बोट ठेवून सांगते.